सूट गाडीला नसते, सौद्याला असते

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींचं कॅनडाला जायचं नक्की झालं, की मुलांच्या शाळेखालोखाल विषय निघतो तो गाडीचा. ग्रीन कार्डाच्या रांगेला कंटाळून आम्हीही २०२२ च्या उन्हाळ्यात फार्मिंग्टन हिल्सहून मिसिसागाला आलो, आणि येताना आमची २०१७ मॉडेलची प्रियस प्राइम घेऊन आलो. प्राइम म्हणजे प्लगची हायब्रिड. रात्री भिंतीला लावायची, सकाळी काढायची. मी हिशेब लिहिण्याच्या धंद्यातली बाई, शिवाय एकही पावती फेकत नाही. त्यामुळे हिला सगळं माहीत असणार अशी लोकांची समजूत झाली आहे आणि फोन येत राहतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, हायब्रिड आहे म्हटल्यावर कॅनडा सरकार काहीतरी परत देत असेल ना?"

तर एकदाचं लिहूनच टाकते. आकडे आम्ही आलो तेव्हाचे आहेत. पुढे जिथे बदलले तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी वाईट बातमी

कॅनडाच्या केंद्र सरकारची आयझेव्ह नावाची योजना १ मे २०१९ ला सुरू झाली. पूर्ण विजेवरच्या आणि लांब पल्ल्याच्या प्लग-इन गाड्यांना ५,००० डॉलर, लहान बॅटरीच्या प्लग-इन हायब्रिडला २,५००. आमच्या प्राइमची बॅटरी ८.८ किलोवॅट-तासांची, नुसत्या विजेवरचा पल्ला चाळीसेक किलोमीटर. म्हणजे ती २,५०० च्या रांगेतली. नवऱ्यानं यादी उघडून प्राइमच्या ओळीवर बोट ठेवलं, "हे बघ, नाव आहे."

नाव होतं, खोटं नाही. पण ते पैसे कॅनडातल्या डीलरकडे नवी गाडी घेणाऱ्याला मिळायचे, आणि तेही बिलातूनच वजा होऊन. डीलर आधी सूट कापून देणार, मग स्वतः सरकारकडून वसूल करणार. आमच्याकडे कॅनडाचा डीलर नाही, गाडी नवी नाही आणि वजा करायला बिलही नाही. पाच वर्षं वापरलेली गाडी सीमेवरच्या पुलावरून चालवत आणणाऱ्यानं भरायचा असा अर्जच त्या योजनेत नव्हता.

जिला प्लग नाही अशा साध्या हायब्रिडला तर आयझेव्हमध्ये कधीच काही नव्हतं. तिचे सोन्याचे दिवस २००७-०८ चे. तेव्हाच्या इकोऑटो योजनेत २० मार्च २००७ ते ३१ डिसेंबर २००८ या काळात घेतलेल्या कमी पेट्रोल पिणाऱ्या नव्या गाड्यांना एक ते दोन हजार डॉलर मिळाले; प्रियसला पुरते दोन हजार. इथल्या जुन्या काकामंडळींच्या गप्पांत ते दोन हजार अजून निघतात, आणि हायब्रिड म्हणजे पैसे परत हा समज त्या गप्पांतूनच पुढे आलेला आहे. ऑन्टारिओ प्रांताची स्वतःची दणदणीत योजना होती, ती २०१८ च्या उन्हाळ्यात सरकार बदलल्यावर गुंडाळली गेली. आयझेव्हची तिजोरी जानेवारी २०२५ मध्ये रिकामी झाली. अशा योजना पुढेही येतील, नावं बदलतील. कुठलीही आली तरी तिच्या नियमांत पहिल्यांदा दोन गोष्टी शोधा: गाडी नवी लागते का, आणि विक्री कुठे झालेली लागते. सरकारला तुमच्या गाडीच्या धुराचं कौतुक नसतं. आपल्या बाजारात नवी गाडी खपावी एवढंच त्याला हवं असतं. म्हणून सूट गाडीला नसते, सौद्याला असते.

हे कॅनडाचंच आहे असंही नाही. उत्तर प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा पुण्याहून माझ्या भावाचा मेसेज: "लखनौहून उचलू का गं?" म्हटलं, उचल की. एमएचची पाटी लावायला आरटीओत गेलास की रोड टॅक्स भरशीलच.

२. अमेरिकेनं दिलेली सूट मागे लागू शकते

गाडी नवी घेतली तेव्हा आम्हाला ४,५०२ डॉलरचं केंद्रीय टॅक्स क्रेडिट मिळालं होतं. प्राइमच्या बॅटरीच्या आकारावरून तो विचित्र आकडा निघायचा. त्या क्रेडिटची अट अशी, की गाडी मुख्यतः अमेरिकेतच वापरली जायला हवी. आम्ही पाच वर्षं तिथले रस्ते झिजवले होते, त्यामुळे प्रश्न आला नाही. पण क्रेडिट घ्यायचं आणि लगेच गाडी पुलापलीकडे काढायची, हा बेत कुणी आखत असेल तर आधी आपल्या सीपीएला विचारावं. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ते क्रेडिट राहिलेलंच नाही, त्यामुळे हा मोह आता आपोआप कमी झाला आहे.

राज्यांच्या योजना जास्त कडक. माझा मावसभाऊ बे एरियात. कॅलिफोर्नियाच्या राज्य योजनेतून त्यानं रिबेट घेतला होता आणि त्यावर तीस महिने गाडी त्याच राज्यात नोंदलेली ठेवण्याचं बंधन होतं. व्हँकूव्हरला नोकरी लागल्यावर बिचारा कॅलेंडर घेऊन बसला होता.

३. खरी सूट दुसऱ्याच फॉर्मवर आहे

हा मुद्दा लोकांना सांगितला की त्यांचा चेहरा पडतो, कारण यात हायब्रिडचा काही संबंध नाही. पण पैसे इथेच वाचतात.

कॅनडात पहिल्यांदा कायमचं राहायला येणाऱ्याला कस्टम्सच्या भाषेत सेटलर म्हणतात. सेटलरनं आधीपासून स्वतःच्या मालकीचं, ताब्यातलं आणि वापरातलं सामान आणलं तर त्यावर जकात नाही, कर नाही. फक्त एखाद्या वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर दोन्ही लागतात. घरातली बाकीची भांडीकुंडी त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. वर जाते ती गाडीच.

समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडा घेते. गाडीची आजची किंमत २४,००० कॅनेडियन डॉलर धरा. पहिले १०,००० सुटले, राहिले १४,०००. जपानमध्ये बनलेल्या गाडीवर जकात ६.१ टक्के, म्हणजे ८५४ डॉलर. मग १४,८५४ वर पाच टक्के जीएसटी, ७४२ डॉलर ७० सेंट. एकूण १,५९६ डॉलर ७० सेंट. हीच सवलत नसती तर जकात १,४६४ आणि जीएसटी १,२७३ डॉलर २० सेंट मिळून २,७३७ डॉलर २० सेंट झाले असते. फरक १,१४० डॉलर ५० सेंटचा. आयझेव्हच्या २,५०० च्या निम्म्याहून कमी, पण हा खरोखर हातात पडतो. एसीवरचा १०० डॉलरचा अबकारी कर मी यात धरलेला नाही. एसीवर वेगळा कर आहे, हो, आणि तो या थंडगार देशात आहे. प्रांताच्या कराचा हिशेब सीमेवर होत नाही, तो पुढे नोंदणीच्या खिडकीवर निघतो.

अटी मात्र नीट वाचा. लीजवरची गाडी तुमच्या मालकीची धरत नाहीत. आणलेली गाडी बारा महिन्यांच्या आत विकली तर सोडलेले पैसे भरावे लागतात. आणि सर्वांत जास्त घोटाळा होतो तो यादीचा. आपल्यातले बरेच जण आधी विमानानं टोरंटोला येऊन पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, शिक्का मारून घेतात, परत जातात आणि सामान काही महिन्यांनी आणतात. त्या पहिल्या दिवशीच बीएसएफ १८६ या फॉर्मवर दोन याद्या द्यायच्या असतात: आत्ता बरोबर असलेलं सामान आणि मागून येणारं सामान. मागून येणाऱ्या सामानाच्या यादीत गाडी हवी, मेक-मॉडेल आणि व्हिन म्हणजे चेसिस नंबरासकट. बायकोचे दागिने, आईच्या पाटल्या सगळं आठवणीनं लिहितात, आणि वीस-पंचवीस हजारांची गाडी राहून जाते.

आणखी एक. हातात पीआर नसून तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट असेल तर तुम्ही सेटलर नाही. २०२३ च्या जुलैत कॅनडानं एच-वन-बीवाल्यांसाठी दहा हजार ओपन वर्क परमिट काढली आणि दोन दिवसांच्या आत ती संपली. त्यातले बरेच लोक गाडी घेऊन निघाले होते. त्यांची गाडी तात्पुरती आणलेली समजतात: कर वाचतो, पण गाडी इथे विकता येत नाही, मुक्काम संपला की परत न्यायची. पुढे पीआर मिळाल्यावर कागद नव्यानं करावे लागतात.

४. गाडीचं जन्मगाव पहिल्या अक्षरात असतं

व्हिन म्हणजे आपला चेसिस नंबर, सतरा आकडे-अक्षरांचा. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली डोकावलं की दिसतो. पहिलं अक्षर जे असेल तर गाडी जपानची. १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिकेची, २ असेल तर कॅनडाची, ३ असेल तर मेक्सिकोची. उत्तर अमेरिकेतल्या या तीन देशांच्या गाड्यांना ६.१ टक्क्यांची ती जकात लागत नव्हती. आमची प्राइम जे, म्हणून भरली.

यातली गंमत रॅव्हफोर हायब्रिडमध्ये आहे. दिसायला सगळ्या सारख्या, पण काही जपानहून आलेल्या, काही केंटकीच्या आणि पुष्कळशा ऑन्टारिओतल्या वुडस्टॉकच्या कारखान्यातल्या. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची रॅव्हफोर मिशिगनमध्ये घेतलेली, व्हिन २ नं सुरू होणारा. ती गाडी मिसिसागापासून जेमतेम सव्वा तासावर जन्मली, मिशिगनला विकली गेली आणि मालकाबरोबर परत माहेरी आली. जकात लागली नाही. पण बाकीची सगळी तपासणी परदेशी गाडीसारखी झाली, कारण ती बनली होती अमेरिकेच्या बाजारासाठी.

कुणी हुशार मला म्हणतो, जपानशी कॅनडाचा पॅसिफिक करार आहे, जपानी गाडीवर आता जकात कुठे आहे? बरोबर आहे, पण तो फायदा जपानहून थेट कॅनडाला येणाऱ्या गाडीचा. अमेरिकेत विकली जाऊन, पाच वर्षं फिरून, मग आलेल्या गाडीला तो मिळत नाही.

५. दाराच्या खांबावरचं स्टिकर

गाडी आणायचा विचार मनात आल्या आल्या करायचं पहिलं काम फुकटचं आहे. ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडा आणि दाराचं कुलूप जिथे अडकतं त्या खांबापाशी उकिडवे बसा. तिथे तळहाताएवढं एक स्टिकर असतं. त्यावर कंपनीचं नाव, गाडी बनली तो महिना आणि वर्ष, वजनाचे आकडे, व्हिन, आणि बारीक अक्षरांत एक वाक्य: ही गाडी बनली त्या तारखेला लागू असलेल्या अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसार आहे. आमचं स्टिकर पाच हिवाळ्यांच्या मिठानं आणि बुटांच्या चिखलानं पांढुरकं झालं होतं. ओल्या फडक्यानं हलकेच पुसलं, तेव्हा व्हिनचे शेवटचे तीन आकडे दिसायला लागले. नखानं खरवडू नका.

त्या वाक्यावर सगळी इमारत उभी आहे. स्टिकर नसेल तर गाडी मानकांना धरून आहे हे कंपनीकडून लेखी आणावं लागतं आणि तिथे आठवडे जातात. अपघातानंतर दार-खांब रंगवलेल्या गाड्यांत हे फार होतं. ओळखीच्या एका कुटुंबाच्या गाडीवर गॅरेजवाल्यानं स्टिकरसकट रंगाचा फवारा मारला होता. काम इतकं सफाईदार, की घेताना कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

स्टिकर ठीक असेल तर ट्रान्सपोर्ट कॅनडाची अमेरिकेहून आणता येणाऱ्या गाड्यांची यादी उघडा. कंपनी, मॉडेल, वर्ष. यादीत 'चालणार नाही' म्हटलं असेल तर विषय संपला. गाडी तिथेच विका.

६. अमेरिकेतून बाहेर पडणं हे वेगळं काम आहे

सगळ्यांचं लक्ष कॅनडाच्या खिडकीकडे असतं. पण अमेरिकेलाही आपली गाडी देश सोडून जाते आहे हे कळवावं लागतं. ज्या पुलावरून जाणार तिथल्या अमेरिकन कस्टम्सच्या निर्यात कार्यालयात गाडीचे कागद निदान ७२ तास आधी पोचलेले हवेत. मग ठरल्या दिवशी गाडी घेऊन हजर व्हायचं. यातली बरीच कार्यालयं आठवड्याच्या दिवसांत, दिवसाच उघडी असतात. पूल चोवीस तास चालू, म्हणून शनिवारी ट्रक भरून निघालेले लोक इथे अडकतात. वापरलेल्या गाडीसाठी निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंदही करावी लागते. आम्ही ती एका ब्रोकरकडून करून घेतली आणि त्याचे पैसे दिल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आम्ही अ‍ॅम्बेसेडर पुलावरून गेलो. आमच्या पुढे एक तरुण होता, चकाचक अ‍ॅकॉर्ड हायब्रिड घेऊन आलेला. त्याच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, अजून बँकेचं नाव होतं. "हप्ते वेळेवर भरतोय मी," तो सांगत होता. अधिकारी शांतपणे म्हणाला, "मग बँकेचं पत्र आण." कर्ज फिटलेलं नसेल तर गाडी देशाबाहेर न्यायला बँकेची लेखी परवानगी लागते, आणि बऱ्याच बँका ती देत नाहीत. तो गाडी वळवून परत गेला. आमची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्यानं टायटल उजेडाकडे धरून पुढून-मागून पाहिलं, झेरॉक्सही दोन्ही बाजूंची आहे का ते बघितलं, मग बाहेर येऊन काचेखालचा व्हिन एकेक अक्षर बोट ठेवून कागदाशी ताडला. आत जाऊन टायटलवर शिक्का मारला. तो शिक्का जपा.

७. आरआयव्ही

रजिस्ट्रार ऑफ इम्पोर्टेड व्हेइकल्स. सगळे आरआयव्हीच म्हणतात. सीमेवरचा कॅनेडियन अधिकारी फॉर्म १ भरून शिक्का मारतो. त्यानंतर आरआयव्हीची फी भरायची. तीनशे डॉलरच्या पुढे, वर कर. कंपनीचं रिकॉल-पत्र पाठवायचं. त्यांनी तपासणीचा फॉर्म धाडला की ठरवून दिलेल्या गॅरेजमध्ये गाडी दाखवायची. हे सगळं सीमा ओलांडल्यापासून ४५ दिवसांत.

यात वेळ खातं ते रिकॉल-पत्र. या व्हिनच्या गाडीवर एकही रिकॉल बाकी नाही, असं कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत डीलरकडून, तारखेसह. हायब्रिडवाल्यांनी याचा विशेष विचार करावा. प्रियसच्या २०१६ ते २०१८ च्या मॉडेल्सवर २०१८ च्या सप्टेंबरात इंजिनजवळच्या वायरिंगचं मोठं रिकॉल निघालं होतं, आग लागण्याच्या धोक्यामुळे. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतलेली असेल आणि पहिल्या मालकानं ते पत्र कचऱ्यात टाकलं असेल, तर रिकॉल तुमच्या व्हिनवर उघडंच बसलेलं असतं. व्हिन टाकून आधीच बघा आणि निघण्यापूर्वी अमेरिकेतच काम करून घ्या. तिथे अपॉइंटमेंट घेऊन फुकटात होतं. इथे आल्यावर सुटा भाग कधी येईल याची वाट बघताना ४५ दिवस पुढे सरकत राहतात.

तपासणी स्वतः काही कठीण नाही. दिवसा आपोआप लागणारे दिवे हवेत. कॅनडात ते डिसेंबर १९८९ पासून सक्तीचे आहेत, अमेरिकेत नाहीत. मुलांच्या सीटचा पट्टा अडकवायची कडी हवी. वेग किलोमीटरमध्ये दिसायला हवा. आमच्या गाडीत हे सगळं होतंच. मैलाचे किलोमीटर सेटिंगमधून झाले. मुलगा मात्र मागच्या सीटवरून ओरडला, "आई, आपण शंभरनं चाललोय!" तपासणी पार पडली की आरआयव्हीकडून कॅनडाचं स्टिकर येतं, ते त्याच खांबावर, जुन्याच्या शेजारी.

८. विमा

अमेरिकेतल्या विमा कंपनीकडून तुमच्या अपघात-दाव्यांचा इतिहास सांगणारं पत्र निघण्यापूर्वी घ्या. ते नसेल तर इथल्या कंपन्या तुम्हाला कालच लायसन मिळालेल्या पोराच्या भावात मोजतात. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनचे दर ऐकून बसायला खुर्ची शोधावी लागते, त्यात ही भर नको.

९. वॉरंटी आणि थंडी

हायब्रिडची बॅटरी हा महागडा भाग, म्हणून तिची वॉरंटी सीमेपलीकडे चालते का ते आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "चालेल ना, मॅडम" ला अर्थ नाही. कंपनीगणिक धोरण वेगळं असतं, कधी गाडी किती वापरलेली आहे त्यावरही ठरतं.

विनिपेग किंवा एडमंटनला जाणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी: इंजिन गरम ठेवायचा ब्लॉक हीटर. कॅनडात विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांत तो बसवलेलाच येतो, अमेरिकन गाडीत बहुधा नसतो. मिसिसागात आमचं त्याच्यावाचून अडलं नाही.

१०. जे गाडीला मिळतं ते मिळतंच

सौद्याला मिळणाऱ्या सवलती आम्हाला हुकल्या. पण काही गोष्टी गाडी काय आहे त्यावर मिळतात आणि तिथे ती कुठे विकली गेली हे कुणी विचारत नाही. ऑन्टारिओत प्लग असलेल्या हायब्रिडला हिरव्या अक्षरांची नंबरप्लेट मिळते, आणि आम्ही आलो तेव्हा ती प्लेट असलेल्या गाडीला एकटा ड्रायव्हर असला तरी एचओव्ही लेनमधून जाता येत होतं. ऑफिसच्या वेळी हायवे ४०३ वर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. साध्या हायब्रिडला ही प्लेट नाही, म्हणून मी प्लगचं इतकं लावून धरते.

दुसरं, वीज. १ मे २०२३ पासून ऑन्टारिओत रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेचा अतिस्वस्त दर निघाला, सुरुवातीला युनिटला २.४ सेंट. ८.८ युनिटांची बॅटरी, म्हणजे वीस-पंचवीस सेंटांत चाळीस किलोमीटर. अमेरिकेतली तीच चार्जिंगची वायर इथल्या सॉकेटमध्ये बसते, वेगळं काही घ्यावं लागलं नाही. संध्याकाळचा दर मात्र या योजनेत चांगलाच चढा असतो. ज्यांचा स्वयंपाक, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं चार ते नऊमध्ये होतं त्यांनी आधी आपलं बिल मांडून बघावं.

११. तिकडून विकत घेऊन आणू का?

हा दुसऱ्या नंबरचा फोन. इथे राहणारे लोक विचारतात: मिशिगनमध्ये हीच हायब्रिड स्वस्त दिसते, उचलून आणू का? २००७ च्या सप्टेंबरात कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला, तेव्हा लोकांनी अशा गाड्या भराभरा आणल्या होत्या आणि तेव्हा त्यात पैसे वाचतही होते. आता विनिमयाचा दरच पहिला घास घेतो. तुम्ही सेटलर नाही, म्हणून १०,००० ची सवलत नाही. कॅनडाचा रिबेट नाही, अमेरिकेचं क्रेडिटही नाही. वर ९ एप्रिल २०२५ पासून कॅनडानं अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर २५ टक्क्यांचा प्रतिकर लावला, त्यामुळे १, ४ किंवा ५ नं सुरू होणाऱ्या व्हिनचं जुनं गणितही मोडलं. माझं उत्तर सरळ आहे: नका आणू. इथल्या डीलरकडे जा, घासाघीस करा, जी योजना चालू असेल ती बिलातून कापून घ्या.

गाडी आधीपासून तुमची असेल, कर्ज फिटलेलं असेल, पीआरचा कागद हातात असेल आणि खांबावरचं स्टिकर शाबूत असेल, तर मात्र जरूर आणा. फक्त मला फोन करण्याआधी कॅनडाच्या कस्टम्सला, म्हणजे सीबीएसएला, फोन करा, व्हिन सांगा आणि त्या आठवड्याचा जकातीचा दर विचारून घ्या. २०२५ पासून तो कधी बदलेल याचा भरवसा राहिलेला नाही.